तीनदा मोजणारा बशीर

माझ्या दुकानाच्या मागच्या खिडकीला लोखंडी जाळी बसवायची होती. खिडकी केवढी, तर चार फूट बाय तीन. बशीर सकाळी आला, टेप काढला, मोजलं आणि कागदावर लिहिलं. मला वाटलं, झालं काम. तर गडी परत वळला, पुन्हा मोजलं, पुन्हा लिहिलं. मग चहा घेतला आणि कप खाली ठेवून तिसऱ्यांदा खिडकीपाशी गेला.

"आरं, तू चहा पिऊस्तवर खिडकी वाढली व्हय?" मी विचारलं.

"खिडकी वाढत न्हाई," तो म्हणाला. "माणूस चुकतो."

हा बशीर मुलाणी. आष्ट्यात बसस्टँडच्या मागं त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. शटर, जिने, गेट, उसाच्या ट्रॉल्यांचे हुक, सगळी कामं करतो. गिऱ्हाईक कंटाळून जाईल इतका वेळ मोजतो, पण त्यानं बसवलेलं गेट कधी जमिनीला घासलं नाही. गावात बोलायची पद्धतच पडली आहे, बशीरचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याची बायको शाहजादी वहिनी तर सांगते, "आमच्या लग्नात निकाह लागायच्या आधी ह्यो माणूस मांडवाचं खांब मोजत हुता. तीन डाव." आम्ही हसतो, तोही हसतो, आणि टेप खिशात घालतो.

त्याच्या दुकानात भिंतीला खिळा आहे आणि त्या खिळ्याला एक जुना गंजलेला टेप टांगलेला असतो. त्याचे पुढचे चार इंच तुटलेले आहेत. बशीर तो कधी वापरत नाही, कुणाला हातही लावू देत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अब्बांचा हाय." मीही पुढं काही विचारलं नाही. बापाची आठवण म्हणून माणूस काय काय जपून ठेवतो.

मी रविराज. माझं खताचं दुकान आहे, आणि मला बोलायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी आणि बशीर एका संघात बास्केटबॉल खेळलो. आझाद चौक संघ. तालमीच्या मागं सिमेंटचं मैदान होतं, दोन टोकांना दोन लोखंडी खांब, त्यांवर दोन फळ्या आणि दोन रिंगा. मी पहिल्या पाचात असायचो. बशीर राखीव. राखीव म्हणजे पाण्याची कळशी, टॉवेल आणि चेंडूत हवा भरायचा पंप. चार वर्षांत तो सगळा मिळून अकरा मिनिटं खेळला असेल. पण सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा आणि रिंग हलली, खांब वाकला की दुरुस्त करायचा तोच.

आताची पोरं मोबाइलवर अमेरिकेतल्या मॅचा बघतात आणि जॉर्डन मोठा का लेब्रॉन मोठा, म्हणून एकमेकांच्या गळ्याला येतात. आमच्या गावात हे भांडण पंचवीस वर्षांचं आहे, फक्त नावं वेगळी. हिंदुराव मोठा का मिलिंद मोठा?

हिंदुराव आमचा कॅप्टन. सहा फुटांचा गडी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा. पास सुटला की आईबाप काढायचा. पण मॅच हातातून निसटायला लागली की चेंडू मागून घ्यायचा आणि तीनतीन गडी अंगावर घेऊन आत घुसायचा. त्याच्या मागं पळताना आपणही वाघ झाल्यासारखं वाटायचं. मिलिंद उपकॅप्टन. बारका, अबोल, विहाराच्या आळीतला. लांबून मारायचा आणि नुसती जाळी हलायची, रिंगला चेंडू शिवायचाही नाही. त्याचा पास माझ्या हातून सुटला तर म्हणायचा, "माझाच वाकडा गेला रं." दहापैकी नऊ वेळा तो सरळ आलेला असायचा.

हे सगळं मान्य करूनही मी हिंदुरावचा माणूस. कारण नव्व्याण्णव सालची फायनल.

ती फायनल आमच्या मैदानावर झाली, फलटणच्या संघाविरुद्ध. पहिल्या हाफात फलटणकरांना काही जमेना. त्यांचे लांबून मारणारे दोन चांगले गडी होते, पण त्यांचा प्रत्येक चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर यायचा. आम्ही नऊ गुणांनी पुढं होतो. दुसऱ्या हाफात बाजू बदलल्या आणि आमचा मिलिंद, ज्याच्यावर सगळी भिस्त, त्यानं लांबून एकही चेंडू मारला नाही. मोकळा उभा असायचा, चेंडू हातात असायचा, आणि पास देऊन टाकायचा. लोक ओरडायला लागले, मार की, मार की. तो मारेचना. फलटणनं सगळे गुण भरून काढले, वर एकानं पुढं गेले. शेवटच्या क्षणाला मिलिंदनं एक उंच पास दिला, हिंदुराव उडाला, आणि त्यानं चेंडू वरून रिंगमध्ये कोंबला आणि रिंगला लोंबकळला. तसली बास्केट आमच्याकडं कुणी डोळ्यांनी बघितली नव्हती. एका गुणानं जिंकलो. गावानं त्या बास्केटला नाव ठेवलं, टांगती. अजून कुणी बाहेरचा आला की त्याला टांगतीची गोष्ट सांगतात. सांगणारा बहुतेक वेळा मीच असतो.

आणि मिलिंदला काय मिळालं? गावानं म्हटलं, फायनलला थिजला. त्याला 'थिजलेलं तूप' म्हणायला लागले. ते नाव मी ठेवलं होतं. काही जणांनी त्याच्या आळीचाही उद्धार केला. ते मी बोललो नाही, पण तिथं बसून हसलो होतो. पुढं मिलिंद म्हसवडला एका शाळेत खेळाचा मास्तर झाला आणि आष्ट्याला येणं त्यानं कमी केलं.

यंदा नगरपालिकेनं जुनं मैदान उखडून नवं करायचं ठरवलं. नव्या मैदानाला नाव काय द्यायचं ते जुन्या खेळाडूंनीच सांगावं, असं आमचे कोच आप्पासो यांच्याकडं कळवलं. आता नावं दोनच. त्या दोघांनी मत द्यायचं नाही, उरलेल्या आम्ही पाच जणांनी द्यायचं, असं आप्पासोंनी ठरवलं. मी आणि आणखी एक जण हिंदुरावकडं, दोघं मिलिंदकडं. पाचवा बशीर. तो काही बोलेना. रविवारी सकाळी बैठक होती, म्हणून शनिवारी सकाळी मी त्याला पटवायला निघालो.

तो मैदानावरच सापडला. जुने खांब कापायचं काम त्यानं घेतलं होतं. शिडीवर चढून तालमीच्या बाजूच्या खांबाचा रंग तो ग्राइंडरनं खरवडत होता. मी खाली उभा राहून माझं भाषण सुरू केलं. नेता कसा असावा, संघाला कुणी ओढून नेलं, टांगती कुणी टाकली, सगळं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. बोलता बोलता माझी नजर वर गेली. जिथं फळीचा आडवा पाइप खांबाला जोडलेला होता, तिथं वेल्डिंगचा जाड सांधा होता. ते बरोबरच होतं. पण त्याच्या खाली, रंग निघालेल्या लोखंडावर, अगदी तसाच आणखी एक सांध्याचा वण होता. जुना, घासून सपाट केलेला.

"ह्यो खालचा कशाचा रं?" मी विचारलं.

बशीरनं ग्राइंडर बंद केला. सावकाश खाली उतरला आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. त्यानं हातमोजे काढले.

"मी सांगायच्या आधी ह्यो कुणाला दिसू नये म्हणून तर खांब कापायचं काम मी घेतलं," तो म्हणाला. "आन् तुलाच दिसला."

मग त्यानं सांगितलं. फायनलच्या आदल्या दिवशी कुणीतरी लोंबकळून त्या खांबावरचा आडवा पाइप मोडला होता. सकाळी मॅच, म्हणून पहाटेच बशीर वेल्डिंगचं सामान घेऊन आला. वडील आजारी होते, टेप त्यांचाच आणला. पुढचे चार इंच तुटलेला. असा टेप वापरायची कारागिराची एक रीत असते. टेप चारपासून सुरू होतो, तर पाहिजे त्या मापात चार इंच वाढवून धरायचे. दहा फूट पाहिजेत तर दहा फूट चार इंचांवर खूण करायची. त्याचे वडील आयुष्यभर तसंच करत आले होते. बशीर वीस वर्षांचा होता, घाईत होता. त्यानं टेपवर दहा फूट बघितले आणि तिथंच खूण केली.

"म्हंजी रिंग…" मी म्हटलं.

"चार इंच खाली हुती," बशीर म्हणाला. "नऊ फूट आठ इंचांवर."

मी उभा होतो तो खालीच बसलो. पंचवीस वर्षं मी ज्या बास्केटच्या गोष्टी सांगितल्या, ती टांगती, ती याच रिंगमध्ये पडली होती. मला त्या क्षणी बशीरचा संताप आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, याला काय गरज होती सांगायची.

"तुला कळलं कवा?" मी विचारलं.

"पैल्या हाफात. फलटणवाल्यांचा चेंडू दर वेळंला मागच्या कडंला लागत हुता. लांबून मारणारी पोरं, त्यांचा हात दहा फुटाला बसलेला. चेंडू चार इंच लांब जाणारच की. मी बाकावर बसून बघत हुतो आन् एकदम टेप आठवला."

"मग हिंदुरावला सांगायचं न्हाईस व्हय? कॅप्टन हुता त्यो."

बशीर माझ्याकडं बघत राहिला. "तू सांगितलं असतंस?" त्यानं विचारलं.

मी नसतं सांगितलं. हिंदुरावनं तिथंच सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं.

"हाफटाइमला मिलिंदला पाणी देताना सांगितलं," बशीर म्हणाला. "त्यो पाणी प्याला, भांडं परत दिलं आन् म्हणाला, त्यांनी एक हाफ ह्या रिंगवर खेळला, आता आपुन खेळू. पर त्यांना ठावं नव्हतं आन् मला हाय. ठावं असून म्या लांबून मारला तर ती लबाडी हुईल. म्या मारत न्हाई. तू कुणाला सांगू नगंस, न्हाईतर मॅच रद्द करत्यात आन् सगळं तुज्यावर येतं."

ती मॅच पुन्हा डोळ्यांपुढं आली. मोकळा उभा असलेला मिलिंद, हातात चेंडू, आणि ओरडणारे लोक. त्या लोकांत माझा भाऊ होता. मैदानात मिलिंदच्या शेजारून पळत मीही ओरडत होतो, मार की.

पुढच्या आठवड्यात बशीरनं एकट्यानं येऊन रिंग चार इंच वर घेतली आणि जुना सांधा घासून रंग मारला. तेव्हापासून तो तीनदा मोजतो.

"इतकी वर्सं गप कसा बसलास?" मी विचारलं.

"त्यो बोलू देत न्हाई. दर ईदला येतो म्हसवडवरनं शीरखुर्मा खायाला. दर ईदला मी इषय काढतो, आन् दर ईदला त्यो आणखी एक वाटी मागतो. पर उद्या मी सांगणार हाय."

माझ्यातला दुकानदार जागा झाला. "येडा हायस का तू? गाव तुझ्याकडं कशापायी येतं? बशीरचं माप म्हणून येतं. त्याच्यावर तुझं घर चालतंय. तुला मिलिंदला मत द्यायचंय ना, दे. मी काय बोलत न्हाई. पर कारण सांगू नगंस."

"नुसतं मत दिलं तर मैदानाला त्याचं नाव लागंल," बशीर म्हणाला, "पर मिलिंद थिजलेलाच राहील." आणि तो परत शिडीवर चढला.

खांब कापून झाल्यावर दोन वणांचा तो हातभर तुकडा मी मागून घेतला. कशाला घेतला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

रविवारी तालमीत सगळे जमले. हिंदुराव पांढरा शर्ट घालून आला होता, केस पिकलेत पण छाती तशीच. मिलिंद सकाळच्या एसटीनं आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. आप्पासोंनी बशीरला विचारलं, तुझं मत कुणाला. बशीर उठला. त्यानं तो गंजका टेप टेबलावर ठेवला आणि मला सांगितलं होतं तेच सगळं, त्याच क्रमानं सांगितलं. बोलताना एकदाही मान वर केली नाही.

आप्पासोंनी चष्मा काढला. मग मिलिंद उठला आणि शांतपणे म्हणाला, "बशीरचं काय तरी चुकतंय, आप्पासो. रिंग दहा फुटांवरच हुती. म्या त्या दिवशी घाबरलो हुतो. गाव म्हणतंय ते बरोबर हाय."

एवढं सगळं उघड झाल्यावर, समोर मान चालून आल्यावर हा माणूस पुन्हा ते तूप अंगाला फासून घेत होता. आणि मला दिसलं की बाकीच्यांना ते ऐकून बरं वाटलं. आप्पासोंनी तर सुस्काराच सोडला. बशीर तेवढा टेबलाला धरून उभा होता, आणि आता सगळे त्याच्याकडं खोटं बोलणाऱ्याकडं बघावं तसं बघत होते.

मी पिशवीतून लोखंडाचा तुकडा काढला आणि टेपच्या शेजारी ठेवला.

"हे दोन सांधं," मी म्हणालो. "मधलं अंतर कुणीबी मोजा. चार इंच हाय. मिलिंदला थिजलेलं तूप म्या म्हटलं, नाव माझं हाय. माझी चूक झाली. मला लय लाज वाटतीया, मिलिंद."

मी हिंदुरावकडं बघायचं टाळत होतो. त्याच्या टांगतीचा मी सगळ्यांसमोर कचरा केला होता. तो उठून मारायलाच येईल असं मला वाटलं. तो उठला, पण टेबलापाशी आला आणि त्या वणांवरून त्यानं अंगठा फिरवला.

"मला म्हाईत हुतं," हिंदुराव म्हणाला.

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आयुष्यात रिंगला माझी दोन बोटं लागायची, बास. त्या दिवशी अख्खा पंजा वर गेला. लोंबकळलो तवाच कळलं, ह्यात कायतरी खोट हाय. पर खाली उतरलो तर खांद्यावर घेऊन नाचत हुते सगळे. आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलो. मिलिंदला तुमी नावं ठेवायचा, मी ऐकायचो. कॅप्टन हुतो मी त्याचा." त्याचा तो दणदणीत आवाज आता समोरच्या माणसालाही जेमतेम ऐकू येत होता. "मिलिंद, आता तरी खरं सांग."

मिलिंद चिडला. त्याला चिडलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"तुमी सगळ्यांनी बशीरला मधी कशापायी घेतलंय?" तो म्हणाला. "माझं नाव पाटीवर लागलं की लोक इचारणार, का लागलं. मग दर डावाला ह्याचं चुकल्यालं माप सांगाय लागणार. पोराबाळांच्या म्होरं, गिऱ्हाइकाच्या म्होरं. त्यापरीस म्या थिजलो हुतो तेच बरं हाय. मला काय फरक पडत न्हाई."

"मला पडतो," बशीर म्हणाला. आता त्यानं मान वर केली होती. "सांगू देत लोकांना. सगळ्यांना सांगू देत. तू एक डाव गप बसलास आन् मी पंचवीस वर्सं मोजतूय, मिलिंद. जिना मोजतो, खिडकी मोजतो, रातीला उठून दाराची कडी बघतो. मला आता मोजायचा कटाळा आलाय."

मिलिंद खाली बसला. त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि आम्ही सगळे दुसरीकडं बघत राहिलो. आप्पासो चष्मा परत लावत म्हणाले, हात वर करा. पाच हात वर गेले. मग सहावाही गेला. हिंदुरावला मत नव्हतं, पण ते त्याला सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चौकात दोनचार जण बशीरला हसले, नाही असं नाही. एकानं गेटचं काम काढूनही घेतलं. मी माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगितली, पण आता वेगळी, आणि टांगतीच्या आधी कळशीतल्या पाण्यापासून सुरू करून.

मंगळवारी बशीर खिडकीची जाळी घेऊन आला. बसवली, तसूभर इकडंतिकडं झाली नाही. मी म्हटलं, आता मागच्या दारालाही कर. त्यानं टेप काढला, दार मोजलं, कागदावर लिहिलं आणि टेप खिशात घातला. मी थांबलो. तो पुन्हा वळेल म्हणून दाराच्या वाटेतून बाजूला सरकलो. तो वळला नाही. स्टुलावर बसला आणि चहाचा कप उचलला.

"बास?" मी विचारलं.

"बास," तो म्हणाला, आणि चहा पीत बसला.